दोन खटक्यांचा चाकू

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणायचे. आयुष्यात एक दिवस शाळेत शिकवलं नाही, पण घडीचे चाकू असे करायचे की समोरच्याच्या तोंडून आपसूक मास्तर निघायचं. मला विचाराल तर हट्टी, घुम्या आणि चहा थंड करून पिणारा माणूस. पण हातात चाकू आला की बघत बसावंसं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

घराची पुढची खोली म्हणजे आमचा कारखाना. खिडकीखाली जाड फळीचं टेबल, त्याला जखडलेला लोखंडी पकडीचा व्हाइस, कोपऱ्यात घासायचं चाक. ह्यांचा चाकू मुठीत लपेल एवढाच. त्याला ना कळ, ना बटण. पाठीत एक पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या टाचेला दाबून धरते, बस्स. खाचेत नख अडकवून पातं ओढलं की बरोबर अर्ध्यावर एकदा टक् होतं आणि पूर्ण उघडलं की दुसऱ्यांदा. मिटतानाही तसंच. पट्टी सैल राहिली तर पातं लुळं पडतं आणि बोट कापतं. कडक झाली तर नख मोडतं. मधली जागा हे कानानं शोधायचे. कच्च्या पिना घालून चाकू जोडायचा, कानाशी धरायचा, डोळे मिटायचे. टक्, टक्. मान हलली तर पास, नाहीतर पट्टी काढून पुन्हा घासायची. पास झालेला चाकू सुटा होऊन माझ्याकडे यायचा. पॉलिश करणं, तेल घालणं, पक्क्या पिना ठोकणं हे माझं काम. तेवीस वर्षं आम्ही दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसलो. मी बोलायची आणि हे "हं" म्हणायचे. संसार म्हणतात तो हाच.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "ज्या दिवशी वाईट चाकू या दारातून बाहेर जाईल, त्या दिवशी मी हे टेबल फोडून सरपण करीन." नुसती धमकी नव्हती ती, करणारा माणूस होता. आणि टेबल गेलं असतं तर ह्यांचं काय झालं असतं, देव जाणे! एकदा तापात चार दिवस कामापासून लांब ठेवलं, तर घरातल्या दारांच्या बिजागऱ्या खोलून बसले. पाचव्या दिवशी मीच हात जोडले, म्हटलं, "जा बाबा तुमच्या टेबलाकडे."

मग एका थंडीत कलमवाले आले. रोपवाटिकेत कलमं बांधायचे, दिवसभर हातात ह्यांचाच चाकू. हे बाहेर गेले होते. कलमवाले अंगठा पुढे करून म्हणाले, "वहिनी, मास्तरांना सांगू नका, पण नवा चाकू उघडायला पक्कड लागते हो. नख बघा माझं."

"काहीतरीच काय!" म्हणत मी पास होऊन पिना ठोकलेल्यातला एक उघडायला घेतला. अगं बाई! उंदराचा सापळा बरा. दुसरा घेतला, तोही तसाच.

मी लक्ष ठेवायला लागले. पूर्वी पिन खाली पडली की हे वर न बघता सांगायचे, "कपाटाखाली गेली." त्या आठवड्यात पिन पडली आणि हे गुडघ्यांवर बसून सगळी फरशी चाचपत राहिले. पिन माझ्या पायाशी होती. कानच गेले होते ह्यांचे. टक् ऐकू येईपर्यंत पट्टी कडक ठेवत होते.

सांगायला हवं होतं. पण कसं सांगणार? डोळ्यांसमोर टेबलाचं सरपण दिसायला लागलं. शेवटी मी शहाणपणा केला. आमच्याकडे शहाणपणा मीच करते. पास झालेला चाकू माझ्याकडे आला की हळूच पट्टी चाकावर धरायची, पोटाकडून थोडी पातळ करायची, मग पिना ठोकायच्या. कानाशी धरून बघायची. हुबेहूब ह्यांचा जुना आवाज! कलमवाले खूश, नर्सरीतले बाकीचेही खूश. तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

चार महिन्यांनी कलमवाले परत आले, बोटाला फडकं बांधून. चाकू टेबलावर ठेवला. पातं मेलेल्या माशासारखं लोंबत होतं. पट्टी मोडली होती. ह्यांच्या चाकूची पट्टी, मोडली!

ह्यांनी पिना काढल्या, पट्टीचे दोन तुकडे खिडकीच्या उजेडात धरले. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं. "आडवे ओरखडे आहेत," म्हणाले. "पट्टी लांबीत घासायची असते. आडवी घासली की ओरखड्यावर तडकते. हे मी केलेलं नाही."

कलमवाले पायांकडे बघत बसले. मी म्हटलं, "मी केलं."

"किती चाकू?"

"एकोणीस."

"का?"

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून!" मी ओरडलेच. मग रडूच आवरेना. "तुम्ही टेबल फोडाल म्हणून. दुसरं काय करणार होते मी?"

हे उठले. आता कुऱ्हाडच आणतात असं वाटलं. पण कलमवाल्यांना बाहेर सोडून दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. "मला माहीत आहे ऐकू येत नाही ते," म्हणाले. "चाकूचा आवाज गेला तेव्हा वाटलं, बोटांना तरी कळतंय. पण मग तुझाही आवाज गेला. तू दिवसभर बोलतेस, मी ओठ बघून हं म्हणतो. हे तुला सांगायचं कसं?"

तेवीस वर्षांत एवढं सलग बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं स्टूल टेबलाच्या त्या टोकाहून उचललं आणि स्वतःच्या शेजारी आणून ठेवलं. हातात कानस दिली, मनगट धरून वळवलं. "अशी. लांबीत." एकोणीसच्या एकोणीस चाकू परत मागवले. प्रत्येक पट्टी नवी केली. पट्टी त्यांनी घडवायची, मी घासायची, जोडून झाला की मी कानाशी धरायचा आणि ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मान हलली की पास. माझी मान, त्यांची नाही.

एकेक जण चाकू घ्यायला यायचा. प्रत्येकाला हे ठासून सांगायचे, आणि कान गेलेल्या माणसाचं सांगणं म्हणजे गल्लीभर ऐकू जायचं, "पट्टी चुकीची घासली गेली होती. चूक माझी. माफ करा." मी मध्ये तोंड घालायला गेले की टेबलाखालून माझा पाय दाबायचे.

सगळ्यात शेवटी कलमवाले आले. बोट बरं झालं होतं. चाकू घेतला, खाचेत नख घातलं, सावकाश उघडला. टक्, टक्. मिटला, पुन्हा उघडला. चेहरा असा फुलला! मोठ्यानं, ओठ नीट हलवत म्हणाले, "हां! आता कसं! मास्तर, हात अजून तोच आहे हो तुमचा!"

ह्यांनी त्यांचे ओठ वाचले आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हिचा आहे."