चोर म्हणून हाक मारली, आणि खाली सासरा!

फौजेतल्या माणसाचं खरं नाव फक्त आधार कार्डावर. माझा मामा फौजेत नायक आहे. सुट्टीवर टिटवाळ्याला आला की पलटणीतले दोस्त जमतात, आणि एकेका नावामागून किस्सा निघतो. ऐकून ऐकून माझं डोकं फुल. दहावी काय राहणार त्यात!

परवा माझा दोस्त गोल्या बोलला, "डॉम्निकदादाला पलटणीतल्या नावानं हाक मारून दाखव. आहे हिंमत?"

मामाचा पलटणीतला दोस्त डॉम्निकदादा गेटमधून येतच होता. मी गॅलरीतून बोंबललो, "ओ चोऽऽर!"

त्याच्या मागून एक अंकल आले. त्यांनी वर बघितलं. डॉम्निकदादाचे होणारे सासरे! पोरगा कसा आहे ते दोस्तांना विचारायला ठाण्याहून खास आलेले.

माझी तर फाटली. गोल्या पळाला.

*

अंकल बसायच्या आधीच, "चोर का म्हणतात ह्याला?"

मामा घाईघाईत, "अहो, फौजेत सगळ्यांनाच असली नावं! हा संतोष, टेंभी नाक्याचा. ह्याला नेटवर्क म्हणतात."

पोस्टवर एकाच दगडावर रेंज यायची. संतोषदादा वर चढून वहिनीशी स्पीकरवर बोलत होता. तेवढ्यात कर्नलसाब समोर! ह्यानं ताठ होऊन सॅल्यूट ठोकला.

फोनमधून वहिनी, "गप्प का झालात? मी बोलतेय ना!"

कर्नलसाब बोलले, "जवान, पहले बडे साब को जवाब दो!"

अंकल हसले नाहीत.

*

"डोंबिवलीचा आमचा जीपीएस सांगू?" संतोषदादा सुरूच झाला.

ट्रेनिंगमध्ये नकाशा त्याच्या हातात. दहा जणांना तीन तास जंगलातून फिरवलं. मग कुजबुजला, "दुश्मनाचा तळ! धूर बघा!" सगळे सरपटत गेले, ओरडत घुसले. आत आपलाच कूक रोट्या भाजत होता!

कूक बोलला, "हात धोके आओ."

*

"आणि तुमचं?" अंकलनी मामाला विचारलं.

मामा माझ्याकडे बघून लाल. संतोषदादाच बोलला, "खच्चर!"

धुक्यात समोर कोणतरी उभं. मामानं टाच आपटून "जय हिंद साब!" केलं. साब बोलेना. मामा दहा मिनिटं पुतळा. धुकं सरलं, तर समोर सामान वाहणारं खच्चर!

"अरे, हललास का नाहीस?" आम्ही विचारलं, तर हा बोलतो,

"साब विश्राम बोललेच नाहीत ना!"

आयशप्पथ! हा माणूस मला अक्कल शिकवतो!

*

अंकलच्या मिशीत जरा हसू आलं. मग परत तेच. "ह्याचं राहिलं."

डॉम्निकदादानं मान खाली घातली. "अंकल, सुट्टीवरून येणारा घरून डबा आणतो. तो सगळ्यांसमोरच उघडायचा. आधी हात लावला तर माफी नाही. एकदा डिंकाचे चाळीस लाडू आलेले. संध्याकाळी डबा रिकामा, माझ्या खाटेखाली. मी नव्हते खाल्ले. दुपारी कुठे होतास विचारलं, ते सांगता येत नव्हतं. दोस्त अडकला असता. आठवडाभर पाठीवर बोजा घेऊन ग्राउंडला पळालो. तेव्हापासून सहा वर्षं चोर."

अंकल उठले. चपला शोधायला लागले. "बघू. घरी विचारून कळवतो."

डॉम्निकदादा तसाच बसलेला. माझ्या एका हाकेनं लग्न मोडलं!

मामाकडे बघितलं तर तो पांढराफटक. एकदम दाराजवळ जाऊन अंकलच्या आडवा उभा राहिला.

"अंकल, लाडू मी खाल्ले. डबा ह्याच्या खाटेखाली मीच सरकवला. ताप आलाय असं ह्याला सांगून मी झोपून होतो, आणि हा तेव्हा साबना न विचारता माझ्याच जागी ड्युटीला उभा होता."