खांद्यावरचे तीन तारे

माझे यजमान जयसिंग फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इथे लखनऊ छावनीतल्या एका बँकेच्या दारावर गार्ड म्हणून उभे राहिले. पण सवय सुटते थोडीच! परवा मी डबा घेऊन गेले, तर समोरून खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे लावलेला कुणीतरी आला. यांचा हात खाडकन टोपीला भिडला.

तो आमचा प्रणव होता! अमीनाबादच्या बाजारातून आणलेलं नवं जॅकेट घालून आलेला कार्टा खो खो हसला. "पापा, फैशन है यार!"

यांनी मुलाला ओळखलं, तरी हात खाली घेईनात. समोरच्या साहेबानं उलट सलाम केल्याशिवाय आपला हात उतरवायचा नाही, ही फौजेची रीत. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. प्रणवचं हसू मावळलं. गोंधळून त्यानंही हात कपाळाकडे नेला.

"खबरदार!" मी ओरडले. "आधी कॅप्टन हो, मग सलाम घे!"

त्यानं जॅकेट काढलं. ऐन थंडीत नुसत्या टी-शर्टवर उभा राहिला, तेव्हा कुठे यांचा हात खाली आला.

"हां, आता बोल," हे म्हणाले. "बापाकडे काय काम काढलंस?"