डक्टमधून मिळालेला दुजोरा

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसालच तुम्ही. पण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

एकतीस वर्षं मी यवतमाळात बातमीदारी करतोय. रस्त्याचं डांबर नखानं उकरून पाहिलं, साहेबलोकांच्या टेबलावर हात आपटले. पण माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नाही. एकाही! ऑफिसात नवीन कोणी आलं की हे वाक्य मी पहिल्या दिवशी ऐकवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवतो. ते वाक्य या मे महिन्यात मेलं. मारेकरी कोण? डक्ट कूलर.

आमचा मे तुम्हाला माहीत आहे. खिडकीतल्या कूलरनं एकच खोली थंड व्हायची आणि सगळं घर तिथं कोंबलेलं. म्हणून ठरवलं की गच्चीवर एकच मोठा कूलर बसवायचा आणि पत्र्याच्या डक्टनं तिन्ही खोल्यांत हवा सोडायची. काम दिलं सलीम मिस्त्रींना. माणूस पक्का. वादळ-वावधानात उडू नये म्हणून लोखंडी स्टँड बोल्टनं जखडला, अर्थिंग केलं, डक्टच्या प्रत्येक सांध्याला टेप लावला.

आणि मी काय करत होतो? शेजारी खुर्ची टाकून वही घेऊन बसलो होतो. हा बोल्ट कशाला, ही वायर एवढी जाड का, अर्थिंगचा खड्डा नक्की किती खोल? शेवटी ते म्हणाले, "साहेब, मी कूलर बसवून राह्यलो जी. धरण नाही बांधून राह्यलो."

खरी खडाजंगी जागेवरून झाली. मला कूलर हवा होता जिन्याच्या खोलीमागे. सावली आणि डक्ट आखूड. सलीमभाईंना हवा होता पलीकडे, कडुनिंबाच्या बाजूला.

"साहेब, कूलर जिथली हवा ओढते तेच घरात आणते. तिथं तर वहिनीची चूल आहे."

"ती वर्षातून चार दिवस पेटते," मी म्हणालो. "आणि तिकडे नेलं की डक्ट दुप्पट. असल्या लांबलेल्या पाइपलाइनवर मी पानभर बातमी केली आहे, सलीमभाई."

त्यांनी पाना उचलला. मी समजलो, बिल वाढवायचा डाव पकडला गेला! कूलर माझ्या जागी बसला. जाताना एवढंच म्हणाले की खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, आत आलेली हवा बाहेर निघाली पाहिजे. हेही मी ऐकलं नाही. गार हवा बाहेर सोडायला मी काय नगरपालिका आहे?

चार दिवस स्वर्ग होता. शेजारचे गुल्हाने काका दुपारी पेपर घेऊन माझ्या हॉलमध्ये पडायला लागले. त्यांच्या मागून गल्ली आली.

पाचव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, गुल्हाने काका खोकले. मग त्यांच्या सौ. खोकल्या. मग सगळेच. माझ्या घशाला आग लागली, डोळ्यांतून पाणी. वास मात्र मला काही आला नाही, कारण करोनात माझं नाक गेलं ते परतलंच नाही. पण बातमीदाराला नाक कशाला हवं? बाहेरून वायू येतोय, हे उघड होतं. मी खिडक्या घट्ट लावल्या आणि ताजी हवा यावी म्हणून कूलर फुल्ल केला.

वायू दुप्पट झाला. कारस्थान मोठं दिसत होतं.

मी वही काढून जबाब घ्यायला बसलो. गुल्हाने काका म्हणाले, "भाऊ, मिरचीवानी वास येऊन राह्यला." मी लिहिलं: मिरचीसदृश रसायन. त्यांच्या सौ. म्हणाल्या, कोणीतरी काहीतरी भाजत असेल. मी त्यांना तिथंच थांबवलं. अंदाज नकोत, फक्त लक्षणं सांगा! सहा साक्षीदार झाले. सहाही माझ्याच हॉलमधले, हे तेव्हा खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर: 'शहरात विषारी वायू? संशयाची सुई लोहाऱ्याकडच्या कारखान्यांकडे'. ते प्रश्नचिन्ह संपादकांचं. मी दोनदा खोडलं होतं.

सकाळी बायको, मंदा, बातमी वाचून म्हणाली, "अहो, काल दुपारी तर मी वर..." मी म्हणालो, "तू वर होतीस, तुला खालचं काय कळणार?"

मग तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब आले, यंत्र घेऊन. डक्टमध्ये दोष नाही हे सांगायला मी सलीमभाईंनाही बोलावलं. खिडक्या बंद, कूलर चालू, सगळे वाट बघत बसलो. दोन वाजले. तीन वाजले. कोणी साधं शिंकलं नाही. साहेब घड्याळ बघू लागले. एकतीस वर्षं पणाला लागली होती!

"आज मुद्दाम कारखाना बंद ठेवला असेल," मी म्हणालो.

दारातून मंदानं विचारलं, पाहुणे आहेत म्हणून वरचं काम थांबवलं होतं, जाऊ का आता? मी म्हणालो, जा की, तुझ्या कामाचा इथं काय संबंध?

पंधरा मिनिटांत साहेब खोकले. दुसऱ्याच्या खोकल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी उभाच राहिलो. "सुटला! लिहा साहेब, तीन वाजून वीस मिनिटं!"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रुमालानं डोळे पुसत उठले, कूलरचं बटण बंद केलं, डक्टच्या जाळीखाली उभे राहिले आणि वर तोंड करून म्हणाले, "वहिनी, चूल विझवता का जी जराशी?"

डक्टमधून मंदाचा आवाज आला, अगदी खणखणीत. "काहून? अजून दोन किलो मिरच्या भाजाच्या राह्यल्या!"

वर्षाचं तिखट, दुसरं काय! घरात ठसका उठतो, मला लिहिता येत नाही, म्हणून मीच तिला चूल घेऊन गच्चीवर पाठवलं होतं.

साहेबांनी कागद पुढे ओढला. तक्रारदाराचं नाव? मी सांगितलं. वायूचा उगम? त्यांनी वर पाहिलं आणि न विचारताच तेच नाव पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई गच्चीवर बोल्ट खोलत होते, कूलर कडुनिंबाकडे न्यायला. मी खुर्ची टाकली नाही, वही तर नाहीच. त्यांनाच माझी दया आली असावी. म्हणाले, "साहेब, बातमी तुमची बराबर होती. वायू होता, लोक खोकलत होते. फक्त पत्ता चुकला."

खुलासा मीच लिहिला. चार ओळी, माझ्या घराच्या पत्त्यासकट. संपादकांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पुन्हा फजिती नको. याला दुजोरा कोणाचा?"

"बायकोचा," मी म्हणालो. "डक्टमधून."