उत्तनचं जाळं, पूनम सागरचा हॉल

शशिकांत राजवाडे यांनी पहिले स्पीकर स्वतः बनवले, प्लायवूड कापून, तेव्हा ते गिरगावात एका खोलीत राहत. टेलिफोन खात्यात नोकरी आणि उरलेला वेळ आवाजाला. मीरा रोडला पूनम सागरमध्ये फ्लॅट घेताना त्यांनी स्वयंपाकघर नंतर पाहिलं, आधी हॉलच्या भिंतींवर टिचक्या मारल्या. पुढे कपाटाएवढे परदेशी स्पीकर आले. हाताने केलेली जुनी जोडी त्यांनी ऑफिसातल्या मित्राला, उत्तनच्या कोळीवाड्यातल्या पीटरला, देऊन टाकली.

आयुष्यातली ही एकमेव चूक, असं ते मानतात.

गेल्या नाताळात पीटर आणि त्याची बायको मॉली यांच्याकडे जेवण होतं. त्याने त्या जुन्या जोडीवर भूपाची रेकॉर्ड लावली. तीही शशिकांतनीच दिलेली. त्यांची पत्नी गिरिजा घरी रेकॉर्ड सुरू झाली की भाजी निवडायला आत जाते. इथे ती खुर्चीत बसली आणि बाजू संपेपर्यंत उठली नाही. शशिकांत गाणं ऐकतच नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"छान वाजतं हो त्यांच्याकडे," रिक्षात ती म्हणाली.

"ते स्पीकर मी केलेत."

"मग आपल्याकडे असं का नाही वाजत?"

पीटरला दोन रागांतला फरक कळत नाही. तो रेकॉर्डच्या कव्हरवर चहाचा कप ठेवतो. शशिकांत हे सगळ्यांना सांगू लागले. त्यांना पीटरच्या कौलांचा हेवा वाटे, जाड भिंतींचा, अगदी त्या डाग पडलेल्या कव्हराचाही. पूनम सागरच्या हॉलमध्ये डग्गा रिकाम्या पिंपात बडवल्यासारखा घुमतो, उत्तनला घुमत नाही. का, ते पुढच्या भेटीत दिसलं. पीटरच्या भावाची जुनी जाळी स्पीकरमागच्या कोपऱ्यांत छातीएवढी रचलेली होती. घुमणारा आवाज ती गिळत होती.

"जाळं कशाला पायजे तुला?" पीटर हसला. "बाथरूममदी मासं धरणार हाय काय?"

"तू दे रे."

"ने. मॉली तर कवापासून भंगारात दे म्हणते."

जाळी धुतली, वाळवली, चादरीत बांधून दोन्ही कोपऱ्यांत रचली. डग्गा जागेवर आला. वासही आला. मजला शाकाहारी. सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले.

"राजवाडेजी, घर में मच्छी सुखाते हो क्या?"

"म्युझिक का सामान है."

"ऐसा म्युझिक तो हमने कभी सूंघा नहीं."

नोटीस आली. शशिकांत हटले नाहीत. मीटिंगमध्ये त्यांनी आवाजावर लांबलचक भाषण केलं आणि मुदत मिळवली.

त्या रविवारी त्यांनी भूप लावला. गिरिजा पदर नाकाशी धरून बाहेर आली, बसली. डग्गा सुरू झाला तसा पदर खाली आला. बाजू संपली तरी ती बसून होती.

"कसं वाटलं?"

"सुंदर," गिरिजा म्हणाली. "अगदी पीटरकडच्यासारखं."

सोमवारी सकाळी शशिकांत टेम्पो करून जाळी उत्तनला परत टाकून आले. सोसायटीचा त्रास, असं त्यांनी पीटरला सांगितलं. मुदत अजून बाकी होती. हॉलमध्ये डग्गा पुन्हा घुमतो आणि गिरिजा आत भाजी निवडते.