थप्पीतला हात

कुणीही भेटलं की आप्पा आधी हात लावून बघत, रामराम मागाहून. चहाच्या कपाला, भिंतीला, बैलाच्या पाठीला, माझ्या कपाळाला. उजवा तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि मग ठरलेलं वाक्य: "वरनं गार हाय. आत काय चाललंय कुणाला ठावं!"

तुमच्याही ओळखीत असा एखादा काळजीखोर माणूस असेल. अशा माणसांना आपण हसतो आणि चार हात लांब ठेवतो. आप्पांना मात्र काळजी करण्याचा पगार मिळत होता.

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत मी कारकून होतो, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी. तंबाखूनं भरलेली मोठाली पोती, ज्यांना तिकडे बोद म्हणतात, छपरापर्यंत थप्पी लावून ठेवलेली असत. पाला जरा ओला राहिला की थप्पी आतून तापू लागते. बाहेरून काही कळत नाही आणि एक दिवस मधला भाग कोळसा होऊन धुमसायला लागतो. म्हणून आप्पा दिवसातून तीनदा प्रत्येक थप्पीच्या फटीत कोपरापर्यंत हात घालत आणि सांगत, "ही उद्या उपसा. ही चार दिस दम धरंल." ते कधीच चुकत नसत असं मी म्हणणार नाही. दोनदा त्यांनी अख्खी थप्पी उगाच उपसायला लावली. हमाल वैतागले तेव्हा म्हणाले, "तापली न्हवती हे वाईट झालं व्हय रं?"

वखारीत चाळीसेक बाया पाला निवडत. तंबाखू चोरीला जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप असे आणि सुटताना प्रत्येकीची झडती होई. किल्ली ओसरीवरच्या माझ्या मेजामागच्या खिळ्याला. मालकांच्या हुकुमाशिवाय ती काढायची नाही, हा नोकरीचा पहिला नियम.

"अण्णा, आत आग लागली तर त्या कुलपाचं काय?" आप्पा मला म्हणत.

"मालकांना सांगा."

"सांगितलंय. मालक म्हणाले, कुलूप काढलं तर तंबाखूला पंख फुटतील."

पुढे विमा कंपनीनं अट घातली आणि वखारीत यंत्र आलं. छपराखाली ओळीनं पितळी डब्या बसल्या. डबीत धातूच्या दोन पट्ट्या. उष्णतेनं एक वाकली की दुसरीला चिकटायची आणि तारेतून वीज जाऊन माझ्या मेजाशेजारची घंटा वाजायची. कुठली डबी तापली हे घंटा सांगत नसे. सगळ्या डब्यांना मिळून एकच घंटा.

उद्घाटनाला हार आले, पेढे आले, शेजारच्या तीन वखारींचे मालक आले आणि अर्थातच भाषण आलं. मालकांनी विज्ञानाची जी स्तुती केली ती ऐकून यंत्र बसवायला मुंबईहून आलेले साहेबसुद्धा लाजले. मग साहेबांनी लांब काठीला पेटता बोळा बांधून एका डबीखाली धरला. घंटा खणखणली, टाळ्या पडल्या. मालक हसत म्हणाले, "आप्पा, आता तुझा हात खिशात घाल."

आप्पा वर बघत होते. "मालक, ती वर बसलीया. थप्पी खाली तापती. वर कळस्तवर लई येळ हुईल."

"बरं बरं. पेढा घे."

चैत्र आला आणि यंत्रानं आपला गुण दाखवला. साहेबानं डब्या कुठल्या छपराचा अंदाज घेऊन जुळवल्या होत्या कोण जाणे. आमच्या पत्र्यावर चैत्रात भाकरी भाजून निघाली असती. दुपारी एकच्या सुमाराला घंटा वाजू लागली, ती रोज. पहिल्या दिवशी आम्ही बादल्या घेऊन धावलो. दुसऱ्या दिवशी चाललो. तिसऱ्या दिवशी मी मानही वर केली नाही. चौथ्या दिवसापासून घंटा वाजली की बाया भाकरीचं फडकं सोडू लागल्या. "मालकांच्या घंटीला भूक लागली गं!" एक म्हातारी ओरडायची आणि सगळ्या हसायच्या. थेट विलायतेहून आलेली ती वस्तू आमच्या वखारीत जेवणाची घंटा झाली. खरं सांगायचं तर सोय झाली होती. फक्त आप्पा रोज त्या घंटेला दचकत आणि सगळ्या थप्प्यांना पुन्हा एक फेरी घालून येत.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. गार वारा सुटला होता. आप्पा पहाटे गावी गेले होते, ते दुपारी एकच्या सुमाराला परतले. ओसरीची पायरी चढत होते तेवढ्यात घंटा वाजली. आत फडकी सुटली, हसणं ऐकू आलं. मी लिहीत होतो.

आप्पांनी हात वर करून ओसरीवर उतरलेल्या पत्र्याला तळहात टेकवला. डोळे मिटले. मग उघडले.

"अण्णा, किल्ली द्या."

"मालक जेवायला गेलेत. झडतीची बाई पण नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला खेचून माझा हात पत्र्यावर दाबला. पत्रा माठासारखा गार होता.

"मग घंटा कशानं वाजली?" ते म्हणाले.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. माझा हात खिळ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. हुकूम नव्हता. आग नसली तर? किती वेळ थांबला ते मला आजही सांगता येत नाही. आप्पांनी किल्ली ओढून घेतली आणि ते पळाले.

"आग! बेंकी! बाहेर या गं, आग!" कुलूप उघडता उघडता मराठीत आणि कानडीत ते ओरडत होते.

"जेवू द्या की वो आप्पा!" आतून हसत उत्तर आलं.

"भाकरी टाक आन् ऊठ, आक्का!"

मागच्या थप्पीतून धूर निघत होता. बाया धावत सुटल्या. शेवटच्या पाच-सहाजणी मागच्या बाजूला असतानाच एक धुमसतं बोद वाटेत कोसळलं आणि हवा लागताच भडकलं. आप्पांनी ते उजव्या हातानं धरून बाजूला ओढलं. सगळ्या बाहेर आल्या. मी किल्ली लगेच दिली असती तर ते बोद कोसळण्याआधी सगळ्या बाहेर पडल्या असत्या का, याचा हिशेब मी अनेकदा मांडलाय. तो माझ्या बाजूनं कधीच सुटत नाही.

वखार अर्धी जळाली. पुढे विमा कंपनीचं पत्र आलं की यंत्रानं वेळेवर सूचना दिल्यामुळे जीवितहानी टळली. मालकांनी ते चौकटीत बसवून माझ्या डोक्यावर टांगलं. आप्पांचा भाजलेला तळहात भरून आला, पण कातडी गुळगुळीत आणि जाड झाली. थप्पीत हात घालून ते नुसतेच उभे राहू लागले. डावा हात घालून बघितला. पण त्याला ते शिक्षण नव्हतं. एक दिवस स्वतःच म्हणाले, "मालक, मला काय बी कळंना झालंय." मालकांनी त्यांना धोतरजोडी देऊन निरोप दिला.

त्यानंतर एकदाच ते घरी आले. मला हिवताप झाल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. मी दोन घोंगड्यांखाली तापानं कुडकुडत पडलो होतो. सवयीनं त्यांनी उजवा हात माझ्या कपाळावर टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले.

"गार हाय की, अण्णा."

"होय," मी म्हणालो. "उतरला सकाळीच."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. चहा झाला, गावाकडच्या पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. उठून दारापर्यंत गेले आणि तिथे थांबून माझ्या बायकोला हळूच म्हणाले, "वैनी, वल्या फडक्याच्या घड्या ठेवा कपाळावर. अण्णा खोटं बोलाय लागल्यात. मघापासनं त्यांची कपबशी वाजतीया."

मग ते पायऱ्या उतरून गेले. निपाणीत पुन्हा कधी दिसले नाहीत. खिडकीतून मी त्यांना वळणापर्यंत पाहिलं. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता.