अण्णा आणि हलकी गाडी

नोकरी पुण्यात लागली आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. घर नगरला, आणि घरात दोघंच, मी आणि माझे वडील, अण्णा. अण्णांनी उभा जन्म दौंड-मनमाड लाईनवर रूळ सांभाळणारा गँगमन म्हणून काढला. आता गुडघे धरलेत, ऐकूही कमी येतं. त्यांना एकटं ठेवायला जीव धजत नाही, न्यावं तर तिथं रमतील का? इकडे आड, तिकडे विहीर.

"जाऊन येऊन कर की. रेल्वे हाय," अण्णा म्हणाले.

"अहो, आपली गाडी दौंडावरून जाते. निम्मा दिवस गाडीतच जाईल. त्यापेक्षा दोघं तिथंच राहू. कामावर जायला मेट्रो आहे, एक गेली की दुसरी येते."

"ती हलकी गाडी. गाडी आली की भुई हादरली पायजे."

टपरीवर विषय काढला तर आणखीनच घोळ. एक म्हणतो, शहरात हलकीच गाडी बरी, पटकन थांबते, पटकन सुटते. दुसरा म्हणतो, हॅट्! नगर-पुणे सरळ जड रेल्वेच टाका, म्हणजे कुणाला घर सोडायला नको. ज्याचं ऐकावं त्याचं पटायचं. पण बाबा रे, रूळ पडेपर्यंत माझ्या म्हाताऱ्याचं काय, हे कुणी सांगेना.

शेवटी ठरवलं, अण्णांना मेट्रो दाखवूनच आणायची. आवडली तर येतील. राहायला खोलीही बघून होईल. अण्णांच्या रेल्वेच्या पासवर निघालो. दौंड येईपर्यंत अण्णा खिडकीतून रूळच बघत होते.

पुण्यात मेट्रोच्या फलाटावर उभे राहिलो. गाडी आली, दारं उघडली. मी आत शिरलो, मागं वळून बघतो तर अण्णा बाहेरच! चांगली दोन पावलं मागं सरकून, गाडीकडे तोंड करून उभे. गँगमनची रीतच ती. गाडी आली की बाजूला व्हायचं, चाकं बघायची, काही लोंबतंय का, धूर येतोय का, आणि सगळं ठीक असलं की गार्डला हात करायचा.

"अण्णा, चढा!" मी ओरडलो. दार बंद झालं. अण्णांनी वाकून गाडीच्या खाली पाहिलं आणि माझ्याकडे बघून हात वर केला.

पुढच्या स्टेशनावर उतरून उलट्या गाडीनं परत आलो. अण्णा जागचे हलले नव्हते.

"कुठं गेल्तास? गाडी बरी हाय," ते म्हणाले.

"मग चढला का नाहीत?" मी इतक्या जोरात खेकसलो की लोक बघायला लागले. मग माझीच मला लाज वाटली.

"आरं, गाडी आली की बाजूला व्हायचं असतंय."

पुढच्या गाडीत त्यांना दंडाला धरूनच चढवलं. अण्णा बसले, हात फिरवून बाक बघितला, म्हणाले, "लई गुळगुळीत चालती." माझा जीव भांड्यात पडला. आता येणार म्हातारा! खोली पक्की केली, तीही अण्णांसाठी तळमजल्यावरची.

निघायच्या दिवशी सकाळी बघतो तर माझी बॅग भरलेली, आणि मी रात्री त्यात ठेवलेली अण्णांची धोतरं आणि औषधं परत फडताळात.

"हे काय?"

"मी हितंच बरा."

"अहो पण, गाडी आवडली म्हणालात ना?"

"आवडली. म्हनून तर तुला जा म्हनतोय." ते माझ्याकडे बघतच राहिले, मला कसं कळत नाही याचं त्यांना नवल वाटत होतं. "मी काय बसाया आल्तो व्हय? पोरगं रोज ज्या गाडीत बसनार ती बघाया नगं?"

मी फडताळातून धोतरं काढली, बॅगेत घातली. पुन्हा बाहेर काढली. अण्णा म्हणाले, "नीघ, उशीर हुतोय," आणि मला काय करावं ते कळेना.