जास्वंदीची काडी

आमच्या शेजारीणबाई कुणाच्याही घरी मोकळ्या हातानं जात नसत. निघताना परसातल्या जास्वंदीची एक काडी मोडून घ्यायच्या. "लावा वैनी, लई फुलतीय," एवढंच बोलायच्या. फुकटची फुलं कोण नाकारतं! आमच्या अवसरी गावातल्या निम्म्या अंगणांत त्यांचीच जास्वंद होती.

एका उन्हाळ्यात त्या सगळ्या झाडांवर तपकिरी खवले चिकटले आणि पानं गळू लागली. कीड कुठून आली, हे त्यांना कुणी बोललं नाही. त्यांचं त्यांनाच उमगलं. जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन त्या घरोघर फिरल्या. आमच्या झाडावरचा एक खवला त्यांनी नखानं उचलला. खाली पिठासारखी बारीक अंडी होती.

"ह्यो खवला म्हंजी किडीची आई, कवाच मेलीय," त्या म्हणाल्या, "पण पोरं झाकून बसलीय. ती निघाली की चालत जात्यात, न्हाईतर कुणाच्या कापडाला चिकटून. एकदा बसली की जलमभर हलत न्हाईत."

मग अंगठ्यानं सगळं चिरडलं.

झाडं पुढं सावरली. त्या अजूनही येतात, पण मोकळ्या हातानं. फाटकाबाहेर थांबून आधी पदर झटकतात, मगच आत पाऊल टाकतात.